कृषी पर्यटन सुरू करताय? खोल्या नंतर बांधा, आधी शिवार आणि गाव तयार करा

कृषी पर्यटन केंद्र काढायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला फोन गवंड्याला जातो. कॉटेज किती काढायची, कमान कशी असावी, पोरांसाठी पोहण्याचा तलाव कुठे खोदायचा, याच्या चर्चेत दोन महिने जातात. मग कर्ज निघतं, बांधकाम होतं आणि शेताकडे दुर्लक्ष होतं. पाहुणा येतो तेव्हा त्याला दाखवायला रंगवलेली बैलगाडी आणि झोका एवढंच उरतं. तेवढं तर हमरस्त्यावरच्या धाब्यावरही मिळतं.

हा लेख नव्याने या वाटेवर येणाऱ्या शेतकरी कुटुंबांसाठी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: पहिलं वर्ष बांधकामाशिवाय, फक्त एका दिवसाच्या सहलींवर काढा, आणि पहिल्या सहलीपासून गावातल्या चार घरांना त्यात कामासह वाटा द्या. शेत जोमात असेल तर पाहुणा पुन्हा येतो. पैसा चार घरांत गेला तर गाव तुमच्या पाठीशी उभं राहतं. या दोन गोष्टी जमल्या की खोल्या बांधायला उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी १९८०च्या दशकातच शहरी माणसाला शेतावर बोलवायला सुरुवात केली. पुढे पांडुरंग तावरे यांनी बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत केंद्र उभं केलं आणि राज्यभरातल्या शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिलं. १६ मे हा दिवस आता जागतिक कृषी पर्यटन दिन म्हणून साजरा होतो. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटन धोरण आणलं आणि या कामाला अधिकृत नोंदणी मिळू लागली. म्हणजे वाट मळलेली आहे. तिच्यावर कुठे पाय घसरतो तेही बऱ्यापैकी माहीत झालं आहे.

पहिली पायरी: शिवाराचं वर्ष कागदावर मांडा

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. प्रत्येक महिन्यात तुमच्या रानात, गोठ्यात, गावात काय चालू असतं ते लिहा. काही सुशोभित करू नका, जे आहे तेच लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना सोबत बसवा, कारण कोणत्या महिन्यात कोणती रानभाजी उगवते, कुरडया कधी घालतात, चिंच कधी फोडतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

मावळ, मुळशी, कर्जत पट्ट्यात जुलैत भातलावणी असते, आणि तीच तुमची मोठी सहल ठरू शकते. नाशिककडे जानेवारी ते मार्च द्राक्षांचा काळ. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर हिवाळाभर स्ट्रॉबेरी. कोल्हापूर भागात गुऱ्हाळं पेटली की ताज्या काकवीचा आणि गरम गुळाचा वास लांबवर जातो. कोकणात एप्रिल-मे म्हणजे आंबा, काजू, फणस. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षाच्या अमावस्येला येळवस असते, त्या दिवशी सगळं गावच रानात जेवायला जातं. भज्जी, आंबील, उंडे रानात बसून खाण्याचा तो दिवस शहरात वाढलेल्या माणसाने एकदा तरी बघावा असा आहे. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत तर पावसाच्या तोंडावर झाडाझाडांवर काजवे चमकतात, आणि ते बघायला येणाऱ्यांना गावातली कुटुंबं आपल्या घरी जेवू-राहू घालतात. तिथे कुणी वेगळा देखावा उभा केलेला नाही. जे निसर्गाने दिलं होतं त्याची वेळ ओळखली आणि गावाने एकत्र येऊन व्यवस्था लावली.

कागद भरला की त्यात दोन प्रकारचे महिने दिसतील. काही महिन्यांत दाखवायला भरपूर असतं आणि तुमच्या हातांनाही थोडी उसंत असते. हे तुमचे सहलीचे महिने. काही महिन्यांत काम इतकं असतं की पाहुणा आला तर पेरणी किंवा काढणी खोळंबते. या महिन्यांवर लाल फुली मारा आणि त्या काळात बुकिंग घेऊ नका. एखादा गट कितीही पैसे द्यायला तयार असला तरी नाही म्हणा. पाहुण्यांपायी वाफसा (पेरणीजोगी ओल) हुकला तर त्या हंगामाचं नुकसान दहा सहलींनी भरून निघत नाही.

उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर लागतो तिथे एप्रिल-मेवरही फुली मारावी लागेल. गाव हंडा घेऊन उभं असताना तुमच्याकडे पाहुणे शॉवरखाली नाचत असतील तर ते चांगलं दिसत नाही, आणि योग्यही नाही.

हुरड्याचं उदाहरण, जरा तपशिलात

कोरडवाहू पट्ट्यात, म्हणजे सोलापूर, अहिल्यानगर, बीड, छत्रपती संभाजीनगर, पुण्याचा पूर्व भाग इथे सुरुवात करायला हुरड्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नाही. भांडवल कमी, हंगाम थंडीचा, आणि मराठी माणसाला त्याचं वेड आहेच. पण यात नवखे लोक एक गोष्ट विसरतात: हुरडा आठ-दहा दिवसच खाण्याजोगा राहतो. दाणा दुधातून बाहेर पडून मऊ, गोड आणि हिरवा असतो तेवढीच त्याची वेळ. त्याआधी तो चोळताना फुटतो, नंतर टणक होतो आणि गोडी जाते.

म्हणून नियोजन पेरणीपासून करावं लागतं. सगळं रान एकाच दिवशी पेरलं तर तुमचा हंगाम दोन शनिवार-रविवारांत संपेल. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. हुरड्यासाठी रानाचे तीन-चार तुकडे करा आणि ओल बघून आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरा. शेवटचा तुकडा पाण्याची सोय असलेल्या जागी ठेवा. पेरणीपासून तीन महिन्यांच्या आसपास हुरडा तयार होतो, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी अखेरपर्यंत हुरडा पुरवता येतो. खास हुरड्यासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा आणि फुले मधुर, परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत असे वाण आहेत. शिवाय सुरती, गुळभेंडी यांसारखे जुने गावरान वाण अजून अनेकांच्या घरी टिकून आहेत. जमल्यास दोन वाण शेजारी शेजारी पेरा. पाहुण्यांना चवीतला फरक जिभेवर कळला की ते तासभर त्यावरच बोलत राहतात.

हुरड्याची ज्वारी भाकरीच्या ज्वारीआधी भरते. त्यामुळे आजूबाजूची सगळी पाखरं आधी तुमच्याच रानात उतरतात. राखण लागेल, माणूस आधीच ठरवून ठेवा. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस ही पाहुण्यांसाठीही बघण्यासारखी गोष्ट असते.

आगटी, म्हणजे हुरडा भाजायची शेकोटी, रानाच्या कडेला, वाऱ्याची दिशा बघून करा. गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओल्या असल्या की धूर होतो आणि हुरड्याला वास लागतो. गोवऱ्यांचा जाळ बसून निखारा झाला की कणसं त्या फुफाट्यात खुपसायची, फिरवत राहायची आणि गरम असतानाच पोत्यावर चोळायची. सुपात पाखडलं की भुसा उडतो आणि हिरवेगार दाणे खाली राहतात. सोबत शेंगदाण्याची, लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं, हरभऱ्याचा डहाळा. यातलं चोळणं आणि पाखडणं पाहुण्यांच्या हाती द्या. हात पोळतात, अर्धे दाणे खाली सांडतात, आणि तेच त्यांच्या लक्षात राहतं. कणसं मात्र त्याच सकाळी तोडलेली हवीत. आदल्या दिवशीची कणसं भाजून कुणाला फसवता येत नाही, खाणाऱ्याला ते पहिल्या घासाला कळतं.

दिवसाचा आराखडा

एका दिवसाच्या सहलीत तीनच ठळक गोष्टी ठेवा: एक शिवारफेरी, एक हाताने करायचं काम आणि एक निवांत जेवण. बाकीचा वेळ मोकळा सोडा. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत खेळ, गाणी, ट्रॅक्टर सफारी, जादूचे प्रयोग असं भरगच्च वेळापत्रक लावलं तर माणसं दमतात आणि शेत बघायचं राहूनच जातं. दुपारी जेवण झाल्यावर आंब्याच्या सावलीत तासभर सतरंजी टाकून दिली तर पाहुणे तुमचे आभार मानतात.

शिवारफेरी करणाऱ्या माणसाला बोलायची आवड हवी. त्याने ठिबक किती इंची आहे हे सांगण्यापेक्षा या विहिरीला कोणत्या वर्षी पाणी लागलं, गेल्या गारपिटीत या बागेचं काय झालं, कांद्याला किती खर्च येतो आणि हातात किती पडतात हे सांगावं. भाव पडल्याचं दुःखही लपवू नये. शहरात भाजीवाल्याशी घासाघीस करणारा माणूस हे ऐकून जातो तेव्हा त्याच्यात थोडा फरक पडतो, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मला तर या व्यवसायाचं हे मोलही पैशाइतकंच वाटतं.

जेवण तुमच्या घरात रोज होतं तेच ठेवा, फक्त ताजं आणि गरम. पनीर आणि गोबी मंचुरियन शहरात रोज मिळतं. चुलीवरची भाकरी, पिठलं, शेतातलीच भाजी, ठेचा, ताक, सणाला करतो तो एखादा गोड पदार्थ. तिखट बेताचं करा आणि जास्त तिखट वेगळं वाढा. लहान मुलांसाठी साधा वरण-भात असू द्या.

आणि संडास. बाकी सगळं चुलीवर, पारावर, सतरंजीवर निभावतं, पण स्वच्छ, कडी लागणारा, दिवा आणि भरपूर पाणी असलेला संडास नसेल तर दुसरी सहल येणार नाही. पहिल्या वर्षी खर्च करायचाच तर इथे करा. स्त्री-पुरुषांसाठी वेगळे, निदान एक कमोडचा, हात धुवायला साबण आणि झाकणाचा कचरा डबा. वयस्कर पाहुण्यांसाठी आत धरायला एक दांडा बसवा. दर दोन तासांनी तो धुवायची जबाबदारी एका माणसाकडे नाव घेऊन सोपवा, आणि त्याला त्या कामाचे चांगले पैसे द्या.

हिशोब: बारापेक्षा कमी माणसं का घेऊ नयेत

दर ठरवताना शेजारच्या केंद्राचा दर बघून शंभर रुपये कमी लावणं ही सगळ्यात वाईट पद्धत. आपला खर्च आधी दोन भागांत मांडा. एक खर्च माणसागणिक वाढतो, दुसरा माणूस एक आला तरी तेवढाच लागतो. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या भागातले आकडे घालून हेच गणित करा.

समजा तुम्ही माणशी ७०० रुपये घेता. नाश्ता, जेवण, चहा यांच्या सामानाला माणशी २०० रुपये लागतात. म्हणजे एका पाहुण्यामागे ५०० रुपये उरले. आता ठरलेला खर्च: स्वयंपाकाला तीन बायका आणि शिवार दाखवायला एक माणूस, प्रत्येकी ५०० प्रमाणे २,००० रुपये. बैलगाडीवाल्याला ८००. सरपण, वीज, पाणी, साफसफाई १,०००. दुरुस्ती, फोन, जाहिरात यासाठी बाजूला ठेवायचे १,०००. एकूण ४,८०० रुपये.

२० पाहुणे आले तर जमा १४,०००, खर्च सामानाचा ४,००० आणि ठरलेला ४,८००, हातात उरतात ५,२०० रुपये. आठच आले तर जमा ५,६००, खर्च १,६०० अधिक ४,८०० म्हणजे ६,४००. दिवसभर राबून ८०० रुपयांचा तोटा. या हिशोबात दहा पाहुण्यांवर कसंबसं भागतं. म्हणून निदान बारा जणांचा गट असेल तरच सहल घ्यायची, असा नियम करून टाका. त्याहून लहान कुटुंब आलं तर एकाच तारखेला दोन-तीन कुटुंबं जोडा.

या गणितात घरच्या माणसांची मजुरी धरायला विसरू नका. वर जे तीन बायकांचे १,५०० रुपये लिहिले आहेत त्यात तुमच्या घरातली सून स्वयंपाक करत असेल तर तिचे ५०० रुपये तिच्या हातात, तिच्या खात्यावर जायला हवेत. कृषी पर्यटनात सगळ्यात जास्त काम घरातल्या बायका करतात आणि फलकावर नाव मात्र पुरुषाचं असतं. हे बदलता येण्यासारखं आहे आणि पहिल्या दिवसापासून बदललं तर सोपं जातं.

आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय तारीख पक्की करू नका. निम्मी रक्कम आधी, आणि तीन दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळेल हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. भाजी आणून ठेवली, बायकांना सांगितलं, आणि सकाळी फोन आला की गाडी बंद पडली, असं होतंच.

गाव सोबत कसं येईल

वरच्या हिशोबातले २,८०० रुपये, मजुरीचे आणि बैलगाडीचे, त्याच दिवशी गावात राहतात. दूध शेजाऱ्याचं, शेंगा तिसऱ्याच्या रानातल्या, पापड बचत गटाचे घेतले तर सामानातलाही मोठा भाग गावातच फिरतो. तालुक्याच्या सुपरमार्केटमधून सगळं एकदम आणणं सोयीचं वाटतं, पण मग गावाच्या वाट्याला धूळ, आवाज आणि प्लास्टिकच येतं. दुसऱ्याच वर्षी रस्ता अडवला जातो, आणि आपण म्हणतो की गाव जळतंय. बऱ्याचदा गाव जळत नसतं, गावाला त्यात काही मिळालेलं नसतं.

सुरू करण्याआधी सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शेजारचे बांधकरी आणि बचत गटाच्या ताई यांना बोलावून घरी चहा करा आणि काय करणार आहात ते स्पष्ट सांगा. गाड्या कुठे लागतील, लाऊडस्पीकर वाजणार नाही, दारू चालणार नाही, पाहुणे कुणाच्या रानात विचारल्याशिवाय शिरणार नाहीत, कुणाच्या घराचे, बायकांचे फोटो परवानगीशिवाय काढणार नाहीत. मग हे सगळं खरोखर पाळा. ग्रामसभेत एकदा विषय मांडून ठेवला तर पुढे दाखले घेतानाही सोपं जातं.

कामं वाटताना पाळी लावा. या आठवड्यात भाकऱ्या एका घरच्या, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरच्या. कुंभार, बुरूड, लोहार यांच्यापैकी कुणी अजून काम करत असेल तर त्याच्या दारात पाहुण्यांना घेऊन जा आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्या. भजनी मंडळ, वासुदेव, गोंधळी यांना बोलावलं तर मानधन आधी ठरवा. कला बघायची आणि नारळ देऊन पाठवायचं, हे बंद झालं पाहिजे.

बचत गटाच्या मालासाठी एक टेबल निघायच्या वाटेवर लावा. वजन, तारीख आणि भाव लिहिलेली पाकिटं असू द्या: हातसडीचा तांदूळ, काळा मसाला, शेवया, कुरडया, लाकडी घाण्याचं तेल, गूळ. पाहुणा घासाघीस करत नाही, कारण सकाळी त्याने तीच माणसं राबताना पाहिलेली असतात. पुढे हाच माणूस फोनवरून मसाला मागवतो. सहलीपेक्षा हा थेट विक्रीचा धागा जास्त वर्षं टिकतो, आणि तो एका केंद्राच्या नव्हे तर वीस घरांच्या हातात असू शकतो.

गर्दीची मर्यादाही गावानेच ठरवावी. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ठरावीक पर्यटकांनाच प्रवेश देण्याची पद्धत आणावी लागली आणि तिथल्या व्यवस्थेत आजूबाजूच्या गावांच्या समित्या आहेत. आपल्या शिवाराची मर्यादा किती? एका वेळी किती गाड्या, किती पाणी, किती माणसं? सुरुवातीला ही संख्या चाळीसच्या वर जाऊ देऊ नका. हिवरे बाजारला लोक पाणलोटाचं काम बघायला येतात. तुमच्याही गावात असं काही असेल, पाझर तलाव, देवराई, जुनी बारव, तर ते शिवारफेरीला जोडा आणि त्याच्या देखभालीसाठी माणशी दहा-वीस रुपये वेगळे काढून ग्रामपंचायतीकडे पावतीने जमा करा.

कागदपत्रं

इथे फार रेंगाळायला नको, पण टाळायलाही नको. कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी राज्याच्या पर्यटन संचालनालयाकडे होते. तुमच्या विभागाचं प्रादेशिक उपसंचालक कार्यालय आहे, आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. वैयक्तिक शेतकरी, शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था, कृषी विज्ञान केंद्रं, कृषी महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांना अर्ज करता येतो. किमान एक एकर शेती लागते. शालेय सहलींसाठी क्षेत्राची अट वेगळी आहे, ती अर्जाआधी विचारून घ्या. धोरणानुसार नोंदणी शुल्क २,५०० रुपये आहे आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, शुल्काचं चलन आणि अन्न परवाना अशी कागदपत्रं जमवून ठेवा. सातबारावर भावाभावांची नावं एकत्र असतील तर सगळ्यांची लेखी संमती आधीच घ्या. धंदा चालायला लागल्यावर संमती मागितली की ती महाग पडते.

जेवण देणार म्हणजे अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. लहान उलाढालीला साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. मुक्कामाची सोय केली आणि परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती २४ तासांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवावी लागते. बांधकामाचा विचार करत असाल तर पाया खणण्याआधी तहसील आणि ग्रामपंचायतीत आपल्या गटासाठी काय लागतं ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

केंद्र घरातल्या बाईच्या नावावर काढायचा गांभीर्याने विचार करा. पर्यटन विभागाच्या २०२३ मधल्या ‘आई’ या महिलाकेंद्री धोरणात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची तरतूद आहे. ती फक्त नावापुरती मालकीण नसावी, व्यवहारही तिनेच पाहावेत.

जीव सगळ्यात आधी

शेत ही धोक्याचीही जागा आहे. आपल्याला सवय असते म्हणून ते दिसत नाही.

शेततळं पहिलं. प्लास्टिक कागद टाकलेल्या शेततळ्याचे काठ ओले झाले की साबणासारखे निसरडे होतात. पोहता येणारा माणूसही आत पडला तर वर चढू शकत नाही, पाय सारखा घसरत राहतो. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, कुलूप लावलेलं दार, आणि आतल्या उतारावर ठिकठिकाणी गाठी मारलेले दोर सोडलेले हवेत. काठाला हवा भरलेल्या ट्यूब बांधून ठेवा. पाहुण्यांना शेततळ्यात पोहायला कधीही उतरवू नका. विहिरीला कठडा नसेल तर सहल सुरू करण्याआधी तो बांधा.

मग फवारणी. ज्या तुकड्यातून फळ तोडून खायला देणार तिथे औषधाच्या डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस) पूर्ण झालेला असलाच पाहिजे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषारीपणाची पातळी दाखवतो, लाल सगळ्यात जहाल. औषधं आणि पंप कुलपात ठेवा. फवारलेल्या प्लॉटला लाल कापड बांधा आणि त्या दिवशी तिकडे फेरी नेऊ नका. पाहुण्यांसाठी चार ओळी वेगळ्या राखणं उत्तम.

सापासाठी वाटा साफ ठेवा, कडबा आणि लाकडाच्या ढिगाऱ्यापाशी मुलांना खेळू देऊ नका, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय कुणी फिरू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचा दंश झाला तर मांत्रिक, चिरा पाडणं, आवळून बांधणं यात वेळ घालवू नये. माणसाला हालचाल करू न देता, धीर देत, सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. तुमच्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ती आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे हंगाम सुरू होण्याआधी स्वतः जाऊन विचारून या. १०८ क्रमांक आणि त्या रुग्णालयाचा फोन भिंतीवर ठळक लिहा.

आगटी किंवा शेकोटी करण्याआधी आसपासच्या झाडांवर आग्या मोहोळ नाही ना ते बघा. धुराने उठलेल्या माश्या पन्नास माणसांत शिरल्या तर काही सुचत नाही. भातलावणीला चिखलात उतरवताना पायाला जखम असलेल्यांना बांधावरच बसवा, कारण लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा) संसर्ग अशा जखमेतून होऊ शकतो. ज्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे तिथे रात्रीची शिवारफेरी नको. बैल मारका असेल तर तो गाडीला नको, मग तो कितीही देखणा असो. बैलगाडीत सहापेक्षा जास्त माणसं चढवू नका. बैल दमलेला दिसला की फेरी थांबवा, पाहुणेही ते समजून घेतात.

पाहुणे कुठून आणायचे

पहिले पाहुणे ओळखीचेच असतात: शहरात राहणारा मावसभाऊ, त्याच्या सोसायटीतले लोक, मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी. पहिल्या दोन सहली त्यांच्यासाठी खर्चापुरत्या दरात करा आणि जाताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: पुन्हा येताना काय नको? काय आवडलं असं विचारलं तर सगळेच गोड बोलतात.

मग गुगल मॅपवर जागा नोंदवा, आणि शेवटच्या वळणाचा फोटो टाका, कारण लोक हमखास तिथेच चुकतात. फोटो खरे ठेवा. पावसाळ्यातल्या हिरव्या माळाचा फोटो टाकून मार्चमध्ये पाहुणे बोलावले तर ते नाराज होणारच. व्हॉट्सअॅपवर शिवाराच्या बातम्या देत राहा: आज हरभऱ्याला फूल आलं, गाय व्यायली, पहिला आंबा पाडाला लागला. जाहिरातीपेक्षा यानेच फोन जास्त येतात.

शाळांना पत्रं जूनमध्ये द्यावीत, कारण सहलींचं वर्षाचं नियोजन तेव्हाच होतं. ज्येष्ठ नागरिक संघ आठवड्याच्या मधल्या वारी येऊ शकतात, त्यामुळे तुमचे रिकामे मंगळवार-बुधवार भरतात. कंपन्यांच्या गटांना बिल लागतं, तेव्हा बिल बुक पहिल्या दिवसापासून ठेवा.

हंगाम संपला की त्या कागदावरच्या बारा रकान्यांकडे परत या. कोणत्या महिन्यात किती पाहुणे, किती उरले, शेतीचं उत्पन्न गेल्या वर्षीपेक्षा घटलं का, गावात कुणाकुणाला किती मिळाले, हे आकडे लिहा आणि ज्या चार घरांनी काम केलं त्यांच्यासमोर वाचून दाखवा. शेतीचं उत्पन्न घटलं असेल तर पुढच्या वर्षी लाल फुल्या वाढवा. ते टिकलं असेल आणि पाहुणे स्वतःहून मुक्कामाचं विचारत असतील, तर पहिली एक खोली बांधायला घ्या, शक्यतो घराला लागून आणि गावातल्याच गवंड्याकडून.